एका नावाच्या दोघी

कागदाप्रमाणे मी दोन वर्षं आधीच म्हातारी होणार आहे. अंगणवाडीतली माझी सेवा ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी खरं तर माझी दोन वर्षं शिल्लक असतील. आमची मदतनीस एकदा म्हणाली, "ताई, तुमाला पाहून वाटत न्हाई एवढं वय." मी नुसती हसले. अशा ठिकाणी मी तोवर नुसती हसतच आले होते.

आमच्या पिढीतल्या अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आईबाप सांगायचे, "ज्वारीच्या सुगीत झाली," नाहीतर, "हळद काढून राहिलो होतो तवा झाली." गुरुजी ऐकून घ्यायचे आणि वहीत एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोबाला सोपं. आमच्या सेविकांच्या बैठकीत त्या दिवशी एकच केक येतो आणि नऊ-दहा जणी मिळून कापतो. प्रत्येकीला ठाऊक असतं की तारीख खोटी आहे. माझी मात्र जरा जास्तच खोटी आहे. ती माझ्या अक्काची आहे. आणि ज्या नावाने त्या दिवशी मला शुभेच्छा देतात, ते नावही अक्काचंच.

म्हणून या लिहिण्यात कुणाचंच नाव येणार नाही. माझ्याजवळ आहे ते माझं नाही, आणि दुसऱ्याचं वापरून माझं एकदा झालं आहे.

सिद्धेश्वरच्या धरणातून निघालेला कॅनल आमच्या गावाच्या अंगावरून जातो. कॅनलच्या अलीकडे बागायतदारांची हळद आणि पलीकडे आम्ही, म्हणजे ती हळद खुरपणारे, काढणारे, शिजवणारे. बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. आईचे तळवे वर्षातले चार महिने पिवळे असायचे. कुठल्याही साबणाने ते निघायचे नाहीत आणि तिला काढायचेही नसत. "लग्न लागल्यावानी दिसतंय," ती म्हणायची.

अक्का सहा वर्षांची झाली तेव्हा गुरुजी वस्तीवर आले. सहा झाली की नाही हे बघायची तेव्हा एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला तर पहिलीत. अक्काचा लागला, नुसता लागला नाही, तिने कानाची पाळी पकडून ओढून दाखवली. गुरुजींनी नाव लिहिलं. मी चार वर्षांची, तिच्या मागे उभी राहून हात डोक्यावर ठेवून बघत होते. माझा कपाळावरच संपला.

त्याच दिवाळीच्या आसपास आमचा भाऊ जन्माला आला. आई महिन्याभरात कामावर गेली, कारण जाणं भागच होतं. लेकरू कुणी धरायचं, तर अक्काने. अक्का शाळेत जायची बंद झाली. आठ दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. त्यांना शाळेचा पट राखायचा होता. पोरं कमी झाली तर एक शिक्षक कमी होणार, आणि तो शिक्षक म्हणजे तेच. शिवाय तेव्हा शाळेत सुकडी, म्हणजे सरकारी गोड पौष्टिक पीठ, मिळायची. हजेरीत नाव असलेल्याला ओंजळभर. नाव तुटलं की सुकडी तुटली. आई आणि गुरुजी दोघंही अडचणीत होती, आणि दोघांनी मिळून जे ठरवलं ते मी दारात बसून ऐकलं.

"ही धाकटी येऊन बसंल," आई म्हणाली. "नाव मोठीचंच राहू द्या."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "हिचा हात पुरत नाही कानाला."

"तिला सुकडी खायची हाय गुरुजी, कान न्हाई धरायचा."

गुरुजी हसले आणि काम झालं. दुसऱ्या दिवशी अक्काचं नाव पुकारलं गेलं आणि मी म्हणाले, "हजर."

पण अक्का अशी ऐकणारी नव्हती. ती आईशी भांडली. रोज धाकटीच का जाणार, एक दिवस ती, एक दिवस मी. आईने दोन दिवस कानाडोळा केला, तिसऱ्या दिवशी कबूल झाली. मग आमची पाळी लागली. नाव एक, निळा परकर एक, पाटी एक, आणि आम्ही दोघी. आज ती गेली की मी भावाला घेऊन बसायचे, म्हणजे त्याच्या शेजारी बसायचे, कारण मला तो उचलत नव्हता. उद्या मी गेले की ती त्याला कडेवर मारून सगळी वस्ती हिंडायची.

मी आजवर खूप ठिकाणी शिकले, प्रशिक्षणं घेतली. पण तेव्हासारखं शिकणं पुन्हा झालं नाही. कारण आज शाळेत जे झालं ते दुसरीला संध्याकाळी सांगावंच लागायचं. नाहीतर उद्या गुरुजी विचारणार, "काल काय शिकलो?" आणि दुसरी उभी राहून डोळे फिरवणार. मी सांगायचे ते कोरडं असायचं: आज बेरीज झाली, आज कविता झाली. अक्का सांगायची म्हणजे करूनच दाखवायची. चुलीपुढे उभी राहून, आईचा पदर खांद्यावर उपरण्यासारखा टाकून, गुरुजींसारखं नाक ओढून ती पाढे म्हणायची. गुरुजींना झोप लागली तर झोपसुद्धा सांगायची. "मंग गुरुजींची मान अशी गेली, मंग खडू पडला, मंग जागे झाले आन म्हनले, कोन बोललं रे?" कोणी बोललेलं नसायचंच. आई भाकरी थापता थापता पोट धरून हसायची. भावाला काही कळायचं नाही, पण तोही टाळ्या वाजवायचा.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांना आमच्याकडे दिपोटी म्हणत. त्या दिवशी पाळी माझी होती. पण अक्काला वस्तीवर कळलं की शाळेत जीप आली आहे. जीप बघायला म्हणून ती भावाला घेऊन आली आणि खिडकीखाली उभी राहिली. साहेबांनी हजेरीचं पुस्तक हातात घेतलं आणि स्वतः नावं पुकारायला लागले. आमचं नाव आलं. मी आतून म्हणाले, "हजर." खिडकीबाहेरून त्याच दमात, माझ्यापेक्षा मोठ्याने, "हजर."

साहेबांनी चष्मा काढला.

"हे काय?"

गुरुजी उठले, खिडकीपाशी गेले, आणि बाहेर न बघताच ती लावून घेतली. "आवाज घुमतो साहेब इथं. पत्र्याची शाळा आहे."

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. त्या पोराने हळूच "हजर" म्हटलं आणि सगळा वर्ग कान लावून बसला, आवाज घुमतो का ते बघायला. घुमला नाही. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी छताकडे पाहिलं. मग साहेब हसले की खोकले ते आम्हाला कळलं नाही, पण तपासणी झाली आणि जीप गेली. अक्काला संध्याकाळी विचारलं, तू काहून ओरडलीस? ती म्हणाली, "माझं नाव घेतलं. मी काय गप बसू व्हय?"

बरोबर होतं. नाव तिचंच होतं.

ही पाळी दीड-दोन वर्षं चालली. मग भाऊ आजारी पडायला लागला, खोकला जाईना. मोठीच त्याला सांभाळू शकायची, मला जमायचं नाही. अक्काचे दिवस कमी होत गेले. आठवड्यातून एक, मग महिन्यातून एक, मग नाहीच. कुणी तसं ठरवलं नाही. गरिबाच्या घरात बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप होतात. मी मात्र रोज जायला लागले आणि संध्याकाळी तिला सांगायचे. ती भावाला मांडीवर थोपटत ऐकायची आणि बोटाने राखेत लिहायची. खरी गोष्ट सांगायची तर तिला माझ्याआधी यायचं. मला गणित तीनदा समजावून घ्यावं लागायचं. तिला मी अर्धंमुर्धं सांगितलं तरी उरलेलं ती स्वतः जोडायची. वर्गात माझा पहिला नंबर यायचा. घरात दुसरा.

मी चौथीत असताना नवीन बाई आल्या. हिंगोलीहून बसने यायच्या, शिस्तीच्या होत्या, पण बोलायला गोड. गुरुजींसारखा त्यांना पट राखायचा नव्हता, त्यांना पोरं मोजून हवी होती. महिन्याभरात त्यांना कळलं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे नाव तुझ्या बहिणीचं आहे ना?"

मी मान हलवली.

"असं चालणार नाही. तिचं नाव तिला देऊ. तुझं वेगळं घालू. तिला काय येतं ते बघून मी वर्गात बसवते, भावालाही आणू दे सोबत, मागं बसेल. आईला सांग, उद्या येऊन अंगठा द्यायला सांग. आणि दोघीही या."

भावालाही आणू दे, हे त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

घरी जाताना मी कॅनलच्या पुलावर बसले. अक्का शाळेत येणार. अक्काला माझ्याआधी येतं. नाव तिला जाणार, आणि नव्या नावाने मला बहुतेक पहिलीत बसवणार, बारक्या पोरांत. असं बाई काही म्हणाल्या नव्हत्या, ते माझं मीच धरून चालले. आणि पहिला नंबर जाणार, हे तर नक्कीच. मी आठ वर्षांची होते. आता लोक म्हणतील, आठ वर्षांच्या पोरीला काय कळतं. मला सगळं कळत होतं. मी पुलावर बसून नीट विचार केला, उठले, घरी गेले आणि आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं.

"आई न्हाई म्हनली," मी म्हणाले.

"का गं?"

"लेकरू कोन धरंल म्हनली."

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तोवर मला ते म्हणायला सोपं जायला लागलं होतं. बाई एकदा स्वतः वस्तीवर आल्या, पण दिवसा आई घरी कुठली. हापशावर त्यांना अक्का भेटली, मी तिच्या शेजारी हंडा धरून उभी होते. बाई अक्काच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुझी आई नको म्हणाली म्हणे. नाहीतर तुझं नाव मी घालत होते."

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मग हापशाचा दांडा धरला आणि हंडा भरून वाहायला लागला तरी ती हापसतच राहिली.

मला वाटलं होतं ती घरी जाऊन आईशी भांडेल. भांडली असती तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं, मार खाल्ला असता आणि सुटले असते. पण ती भांडली नाही. पहिल्यांदाच भांडली नाही. संध्याकाळी चुलीपुढे कुणाची नक्कल केली नाही. आई म्हणाली, "आज तुझं तोंड काहून बंद?" ती म्हणाली, "काही न्हाई."

ते "काही न्हाई" पस्तीस-छत्तीस वर्षं चाललं.

अक्काचं लग्न पुसेगावला झालं. तिकडे तिचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून नवरदेवाने अंगठीने नवं नाव लिहिलं आणि करवली म्हणून मी शेजारी होते. जुनं नाव मग माझ्याकडेच राहिलं, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी त्या नावाने दहावी झाले, त्या नावाने अंगणवाडीत लागले. कळमनुरीजवळच्या ज्या गावात मला दिलं तिथेच नोकरी, तिथेच घर. बाप गेल्यावर आई माझ्याकडे आली. भाऊ पुण्याकडे कंपनीत आहे, चांगला आहे, छातीसुद्धा धडधाकट.

अक्का वर्षातून दोनदा यायची. सणाला, आणि आईचं काही दुखलं-खुपलं तर. सकाळी यायची, आईच्या हातात फळं ठेवायची, पाया पडायची, जेवायची आणि चारच्या गाडीने जायची. मुक्काम कधीच नाही. माझ्याशी तासभर गप्पा, आईशी "बरं हाय का" आणि "औषध घेती का". ती गेली की आई उंबऱ्यात बसून म्हणायची, "माझं काय चुकलं असंल गं? तिला मी लई कामाला लावलं म्हनून असंल." मी म्हणायचे, "तिला घरी कामं असतात." आणि आत जायचे.

गेल्या वर्षी अक्काचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं नातू झाला.

"अगं, मी फारम भरलाय. साक्षरतेचा. आमच्या इथल्या शाळेतले सर घरी येऊन लिवून घेऊन गेले. परीक्षा हाय मार्चात."

"अक्का, मार्चात हळद शिजवायची असते तुमच्याकडं."

"हळद शिजंल की तिची ती. मी काय कढईत बसून राहू?"

परीक्षेला तू ये, म्हणाली. ती रविवारी होती. मी आदल्या दिवशीच गेले. घरात सगळं तिच्या मर्जीने चाललं होतं. दाजी चहा करत होते आणि सून तिला जोडाक्षरं विचारत होती. शेजारची चाची पण परीक्षेला बसणार होती. तिचं बांगड्यांचं दुकान आहे, साठी उलटलेली. अक्काच्या ओसरीवर बसून चाची सुनेला म्हणत होती, "मेरेकू चश्मा नक्को, वो सर को बोल अक्षर बडे निकालो. छोटे अक्षर में क्या समजेगा कोई." अक्का म्हणाली, "चाची, अक्षर मोठं करून उत्तर येत नसतं." चाची म्हणाली, "तेरे बाजू में बैठूंगी ना, तेरा बडा निकाल."

रविवारी सकाळी शाळेत जत्रा होती. सासवा, सुना, दोन-तीन म्हातारे. नातवंडं बाहेर गज धरून उभी, आणि आतल्या आज्या त्यांना डोळे मोठे करून हाकलताहेत. एक पोरगं ओरडलं, "आजी, पेन्सिल उलटी धरली." वर्गात हशा. अक्का निळ्या साडीत पहिल्या बाकावर बसली. पेपर हातात आला तसा तिने वास घेतला. मी खिडकीबाहेर उभी राहून पाहत होते आणि इतका आनंद मला माझ्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता. चाचीने सर पाठमोरे होताच अक्काच्या पेपरात डोकावलं. अक्काने हात आडवा धरला. मग दोन मिनिटांनी, कुणी पाहत नाही असं बघून, काढून घेतला.

दोन तासांनी ती बाहेर आली ती उड्या मारायचीच बाकी होती. स्टँडजवळ रसवंती आहे, तिथे आम्ही बसलो. मी विचारलं, अवघड काय गेलं?

"काही न्हाई. घरातल्या मानसांची नावं लिवा म्हनून होतं, ते सोपंच. बापाचं लिवलं, भावाचं लिवलं, ह्यांचं, पोरांचं, तुझं लिवलं. तुझं घरातलं, खरं."

"आईचं?"

ती बर्फ हलवत राहिली. "न्हाई लिवलं. तिनं मला अक्षर घेऊ दिलं न्हाई. मी तिला माझ्या अक्षरात काहून घेऊ?"

हे ती रागाने बोलली नाही. हिशोब मांडल्यासारखं, साधं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं. मी काही ठरवून गेले नव्हते.

"अक्का, आईला ठाऊकच नव्हतं."

"काय?"

"बाईनं इचारलं ते. भावाला बी आनू दे म्हनल्या होत्या. मी सांगितलंच न्हाई घरी. आई न्हाई म्हनली असं मीच बाईला सांगितलं. दोनदा."

चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता. अक्काने ग्लास संपवला. खाली ठेवला.

"काहून?"

"तुला माझ्याआधी यायचं म्हनून."

ती रसवाल्याला म्हणाली, "अजून एक ग्लास दे भाऊ, आलं जास्त टाक." तोही पूर्ण प्यायली. मला विचारलं नाही. उठली, पदराने तोंड पुसलं आणि घराकडे न जाता स्टँडकडे निघाली. चालता चालता दाजींना फोन लावला. "मी मायकडं चालले. व्हय, आत्ताच. दूध तापवून घ्या. हळदीचं सुनंला बघायला सांगा. कवा येनार ते ठाऊक न्हाई."

हिंगोलीपर्यंत आणि हिंगोलीहून पुढे, दोन्ही गाड्यांत ती माझ्यापासून दूर बसली. पहिल्या गाडीत एका बाईला आणि दुसऱ्या गाडीत दुसऱ्या बाईला तिने आपल्या परीक्षेची सगळी हकीकत सांगितली. मी मागच्या बाकावरून ऐकत होते. दोघी बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. माझ्याकडे एकदाही वळली नाही.

आई अंगणात चिंचा फोडत बसली होती. घरोघरच्या चिंचा तिच्याकडे येतात. हात रिकामे राहिले की तिला दुखतं. अक्काला बघून ती घाबरलीच. "कोन गेलं?"

"कुनी न्हाई गेलं," अक्का म्हणाली. समोर बसली, दगड ओढून घेतला आणि चिंच फोडायला लागली. पाचसहा फोडून झाल्यावर तिने सांगितलं, सगळं, माझ्या शब्दांत. मी दाराला टेकून उभी होते.

आईने चिंचोका बाजूला टाकला. माझ्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही.

"मला इचारलं असतं तर मी न्हाईच म्हनले असते," ती म्हणाली.

"काहून?"

"लेकरू आजारी. तुझा बाप खडीवर, मी हळदीत. काय केलं असतं मी?"

"बाई म्हनल्या होत्या, त्याला बी आन."

"म्हनू दे बाईला. त्याचा खोकला बाई काढनार होती व्हय?"

"म्हंजे तू न्हाईच म्हनली असती."

"व्हय."

अक्का माझ्याकडे वळली. रसवंतीनंतरचं ते पहिलं वळणं. "ऐकलं का. ही न्हाईच म्हनली असती." मला क्षणभर हलकं वाटलं. हे आई मला वाचवायला बोलते आहे की खरं बोलते आहे, ते मला आजही सांगता येणार नाही. पण आईचं बोलणं संपलं नव्हतं.

"दोन दिस न्हाई म्हनले असते," ती चिंच सोलत म्हणाली. "तिसऱ्या दिशी पाठवलं असतं. तू काय मला सोडनार होती? घर डोक्यावर घेतलं असतंस. पाळीच्या टायमाला घेतलंच होतं की. मला तर वाटायचं, ही आता भांडत काहून न्हाई. शाळंतून मन उडालं असंल."

अक्काच्या हातातला दगड थांबला.

तेव्हा मला कळलं मी काय घेतलं होतं ते. नाव नव्हतं घेतलं, नाव तर आईनेच दिलं होतं. मी तिचं भांडण घेतलं होतं. ते ती जिंकणार होती, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

"मंग आता भांडते," अक्का म्हणाली.

"भांड की," आई म्हणाली.

"मला शाळंत काहून न्हाई घातलं?"

"घातली होती. लेकरू झालं."

"लेकरू तू केलं, मी काहून धरू?"

"मंग कोन, गुरुजी धरनार?"

"धरले असते. झोपाच काढायचे, मांडीवर घेऊन काढल्या असत्या."

आई आधी गालातल्या गालात, मग उघड हसली. अक्का हसत नव्हती. ती खरंच भांडत होती, डोळ्यांत पाणी आणून, बोट नाचवून, जुन्या एकेका गोष्टीचं. परकराचं भांडण, सुकडीचं भांडण, तापात पाण्याला पाठवलं त्याचं भांडण. आई प्रत्येकाला उत्तर देत होती आणि मध्येच कबूल होत होती. "ते चुकलंच माझं," म्हणायची, आणि पुढच्याला पुन्हा ताठ. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. एकीने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बोलून राहिल्या.

रस्त्यावर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. आई म्हणाली, "तुझी गाडी."

"जाऊ दे. माझं कुठं संपलंय."

अकरा दिवस राहिली. सकाळी उठल्यापासून दोघींचं सुरू व्हायचं. चहात साखर किती, चिंचेत मीठ कधी, बापाने कोणता बैल विकला होता. आईचा आवाज इतका मोठा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दुपारी दोघी एकाच चटईवर आडव्या व्हायच्या आणि आडव्या पडूनही वाद घालायच्या. मदतनीस म्हणाली, "ताई, तुमच्या घरात लई भांडनं चालू हायेत." मी म्हटलं, "व्हय," आणि या खेपेला नुसती हसले नाही, सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांचं वयही.

जायच्या दिवशी मी अक्काला गाडीत बसवायला गेले. मला वाटलं आता ती माझ्याविषयी काही बोलेल. अकरा दिवसांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली होती. हे आण, ते धू, सर बाजूला. गाडी लागली. ती चढली, खिडकीपाशी बसली.

"अक्का, माझं काय?" मी खालून विचारलं.

"तुझं मी मागून बघते," ती म्हणाली. "आधी मायचं होऊ दे. पुढच्या महिन्यात येते, कुरडया करायला. गहू भिजवून ठेव. आन चांगला घे, मागच्यासारखा किडका नको."

गाडी हलली. मी तशीच दुकानात गेले आणि गहू घेतला, चांगला, निवडून.